उघाडीची पाळी

वाघखार, ता. पेण
२८ मे

जने,

आधी हे सांगतो की मी जिवंत हाय, नाहीतर प्राप्तीने पुढचं वाचून दाखवायच्या आधीच तू रडायला बसशील. हातपाय शाबूत, कानातलं मशीनपण शाबूत. फोन करत बसू नकोस. विजेचे खांब आडवे झालेत, रेंज न्हाय, आणि असती तरी फोनवर तुझं बोलणं मला नुसतं खरखर ऐकू येतं. कमलेशचा टेम्पो रोज भाजी घेऊन पनवेलला जातो, त्याच्या हाती हे पत्र देतोय. उत्तरपण त्याच्याकडेच दे.

२४ तारखेला दुपारी खाडीवरून वावटळ आली. अंगणात पाचोळा फिरवते ती न्हाय. आभाळातून काळी सोंड उतरली आणि गावातून सरळ चालत गेली. दहा-बारा मिनिटांचा खेळ. आपली आळी अख्खी उघडी पडली, आणि पलीकडच्या आळीत वेणूबाईचे दोरीवरचे कपडेसुद्धा पडले न्हाईत. ती म्हणते, देवाची कृपा. मग आमच्या आळीने देवाचं काय घोडं मारलं होतं? शाळेचं छप्पर मिठागरात जाऊन पडलं. देवळामागची चिंच मुळासकट उपटली. माणूस एकही गेलं न्हाय, एवढंच बरं झालं.

आपल्या घराचे नऊ पत्रे उडाले. आठ मिळाले. दोन शेतात, एक विहिरीत, एक कमलेशच्या टेम्पोखाली, असे कुठे कुठे. नववा कुठे गेला कोण जाणे.

आपल्या आळीतला सदा नसता तर मी भिंतीला टेकून नुसता बसून राहिलो असतो. त्याची स्वतःची पडवी आडवी झालीय, ती तशीच टाकून तीन दिवस माझ्या घरावर चढला. वासे बांधले, ताडपत्री ओढली. मी म्हटलं, अरे, तुझं बघ आधी. तर म्हणतो, काका, माझ्या घरात चार माणसं हायेत, केसरकाकी गेल्यापासून तुम्ही एकटे. दोन्ही वेळचं जेवण त्याची पोर दिपाली आणून देत होती. काल दुपारी शेवटची दोरी बांधली आणि आम्ही दोघं खाली उतरलो.

घराचं होईल काहीतरी. खरी गोष्ट पुढेच हाय. काल अमावास्येचं उधाण होतं. त्या उधाणाला उघाडीशेजारी बांध फुटला. अठरा हातांची खांड पडली. खाडी आपल्या शेतात आली जने.

प्राप्ती बाय, तू करंजाड्याच्या सोसायटीत वाढलीस म्हणून तुला दोन ओळींत सांगतो. आपली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी झडप, तीच उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला खाडीचं पाणी दाबून तिला बंद करतं. मध्ये काही अडकलं की झडप मिटत न्हाय. मग खारं पाणी आत घुसतं आणि बांध कडेने खातं. म्हणून पंधरा पंधरा दिवस एकेका घराची पाळी. रोज दोनदा जाऊन झडप बघायची.

आता ११ जूनच्या पौर्णिमेचं उधाण यायच्या आत खांड बुजली पाहिजे. न्हाय बुजली तर सगळ्या गावाने तीन-चार वर्षं भाताचं नाव काढायचं न्हाय. परवा गावकी बसणार हाय. मी पंच, मला जावंच लागेल. फार थकलोय ग.

तुझा,
बुधाजी

*

करंजाडे, पनवेल
३० मे

मामा, आई बोलतेय आणि मी लिहितेय. तिचं तिच्याच शब्दांत.

दादूस, जिवंत हायेस ते पयल्या ओलीत लिवलंस ते बरं केलंस. तरीपन मी रडलीच. तुझं छप्पर गेलं आनि तू मला चार दिवसांनी कळवतोस? कमलेश काय चार दिवस टेम्पो धूत बसला होता?

खांड गेली ते ऐकलं. बाबांच्या वेलंला खांड गेली तेव्हा मी धा वर्षांची होते. घरटी एक मानूस रांगेत उभा, चिखलाचे गोले या हातातून त्या हातात. बाबांना ताप होता म्हनून आपल्या घरची मी उभी रायले. तू तेव्हा शालेत होतास, शाना. आता आपल्या घरचा मानूस कोन? तू? सत्तरीचा म्हातारा? मी येते. माझ्या परेशकडं पोकलेन हाय, तोपन पाठवील. काय ते कलव.

आनि सदाला सांग, जनीने दोनी हात जोडलेत. सख्खा भाऊ करनार न्हाय येवढं त्याने केलं. दिपालीच्या हातचं जेवलास, आता तिच्या साखरपुड्याला हात आखडू नकोस.

मामा, आता माझं. आई कुठेही येणार नाही. मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिना उतरायला अर्धा तास लागतो. ती तुम्हाला असं काही सांगणार नाही म्हणून मी सांगतेय. पोकलेनचं परेशदादाशी बोलले, तो दोन दिवसांत पाठवू शकतो. ताडपत्री आणि टॉर्च कमलेशकडे देतेय.

प्राप्ती

*

वाघखार
२ जून

जने,

ताडपत्री पोचली. टॉर्च पोचला.

पोकलेन नको. बांध ओला हाय, त्या वजनाने आहे तोपण बसेल. माणसांनीच बुजवायचा. घरटी एक माणूस, उद्यापासून ओहोटी धरून काम. आपल्या घरचा मी.

गावकी बसली होती. उधाणाच्या पंधरवड्यात उघाडीची पाळी सदाची होती. वावटळीनंतर तीन दिवस तो एकदाही उघाडीवर गेला न्हाय. घरात लोळत पडला असेल. त्याच्या हयगयीने गावाची शेती बुडाली असं सगळ्यांचं मत पडलं. तीन तास चर्चा झाली. सदाचं घर वाळीत टाकलंय. त्याच्याशी कोणी बोलायचं न्हाय, त्याच्या घरचं पाणी घ्यायचं न्हाय, त्याच्या कार्याला जायचं न्हाय. बांधाच्या रांगेतपण त्याच्या घरचा माणूस घ्यायचा न्हाय. निर्णय गावकीचा हाय, माझ्या एकट्याचा न्हाय.

तुझा निरोप त्याला सांगता आला न्हाय.

गुडघ्याची काळजी घे. इथे येऊ नकोस.

बुधाजी

*

करंजाडे
४ जून

दादूस,

प्राप्तीकडून तुझी दोनी पत्रं तीन तीनदा वाचून घेतली. ती बोलली, आई, पुरे. मी बोलले, अजून एकदा.

पयल्या पत्रात तू लिवलंस, सदा तीन दिवस तुझ्या घरावर होता. सत्तावीसला दुपारी तुमी खाली उतरलात. दुसऱ्या पत्रात लिवतोस, सदा घरात लोलत पडला होता. आरं, एकच सदा हाय ना गावात? का वावटलीने दोन केले?

तो तुझ्या डोक्यावर छप्पर बांधत होता म्हनून उघाडीवर गेला न्हाय. हे गावकीत कोनी सांगितलं? तू पंच हायेस. तुझ्या तोंडात काय मिठाचा खडा होता? बाबा असते तर तुला उघाडीलाच बांधला असता.

खरं काय ते मला कलव. मला दुसरं काय नको.

मामा, आई हे बोलून गॅलरीत जाऊन बसलीय. मी तिचं सौम्य करून लिहिणार होते, पण तिने परत वाचून घेतलं.

दोन गोष्टी सांगते. एक, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, त्यावर कायदा आहे. गावकीला कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही सांगा. दुसरं, दिपालीचा मेसेज आला होता. तिला रेंजसाठी पेणला यावं लागलं. १४ तारखेला तिचा साखरपुडा आहे. गाणी म्हणायला वेणूबाई येणार होत्या, त्यांनी सुपारी परत पाठवली. मुलाकडचे विचारतायत, तुमच्याच गावात तुम्हाला कोणी विचारत नाही का? तिने मला फक्त एवढंच लिहिलं, ‘बाबा काही बोलतच नाहीत ग.’ लहानपणी मे महिन्यात मी तुमच्याकडे यायचे तेव्हा आम्ही दोघी एकाच गोधडीत झोपायचो मामा.

प्राप्ती

*

वाघखार
५ जून

जने,

गावकीच्या कामात बायकांनी पडू नये. तू लग्न होऊन गेलीस त्याला पन्नास वर्षं होत आली. सातबाऱ्यावरून तुझं नाव तूच सही करून काढलंस. ज्याचं इथे शेत न्हाय त्याने इथल्या बांधाची उठाठेव करू नये.

पुन्हा हा विषय नको.

बुधाजी

(याच पाकिटात, वेगळी घडी केलेला कागद)

प्राप्ती बाय,

हे आईला वाचून दाखवू नकोस. वरचं मी मुद्दाम वाईट लिहिलंय. ती रागावली म्हणजे विचारायची थांबेल म्हणून. पण कोणालातरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवत न्हाय.

२९ तारखेला मी एकटाच उघाडीवर गेलो होतो. ओहोटी होती. झडपेत पत्रा अडकला होता. निळा, आणि कोपऱ्यात डांबराचं ठिगळ. ते ठिगळ मीच दोन वर्षांपूर्वी लावलं होतं. तो माझा नववा पत्रा. वावटळीने उचलून नेला आणि बरोबर झडपेत नेऊन बसवला. तीन दिवस झडप उघडी राहिली, आणि त्या तीन दिवसांत जो माणूस ती बघायला जाणार होता त्याला मी घरावर चढवून ठेवला होता. एकदा तो म्हणालासुद्धा, काका, जरा उघाडीवर जाऊन येतो. मी म्हटलं, आधी हे बांधून होऊ दे, आभाळ बघ कसं झालंय, झडप कुठे पळून जात न्हाय.

मी पत्रा ओढून काढला आणि तिथेच चिखलात पुरला. का पुरला ते मला सांगता येणार न्हाय. हात आपोआप चालले.

गावकी बसली. कोणीतरी विचारलं, पाळी कोणाची होती? सगळे सदाकडे बघायला लागले. सदा माझ्याकडे बघायला लागला. मग त्याला विचारलं, कुठे होतास तीन दिवस? तो काही बोलला न्हाय, माझ्याकडेच बघत राहिला. मी बोलीन म्हणून वाट बघत होता. आणि मी काय केलं सांगू? कानातलं मशीन काढलं आणि सदऱ्याला पुसत बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं न्हाय.

मशीन काढायच्या आधीच मला सगळं ऐकू आलं होतं.

चाळीस वर्षं मी पंच हाय. या गावात लोक माझ्या शब्दावर डोळे मिटून बांध ओलांडतात. तो शब्द गेला तर माझ्याकडे दुसरं काय हाय? घरावर ताडपत्री हाय, तीपण सदाने बांधलेली.

तुझा मामा

*

करंजाडे
७ जून

दादूस,

सातबाऱ्यावर माझं नाव न्हाय. बरं. तू कागद पुढं केलास, मी सही केली, तुला चहा दिला. तेव्हा मला वाईट वाटलं न्हाय, परवा वाटलं.

पन मी दोन दिवस इचार केला. माझा दादूस असं बोलनारा न्हाय. पाकिटात दुसरा कागद होता. प्राप्ती बोलते, औषधांची यादी हाय, मामाला इथून पाठवायचीत. यादी वाचताना पोरीचं तोंड येवढुसं झालं होतं. मी अडानी हाय, आंधली न्हाय.

तुला काय झालंय? किती मोठं झालंय? आजार तू माझ्यापासून लपवतोस आनि मी येऊ नये म्हनून मला तोडून बोलतोस, हेच ना? आरं, मग आधीच सांगायचं. सदाचं, बांधाचं सगलं जाऊ दे खड्ड्यात. मी तुला काय इचारनार न्हाय. परेश दहाला मोकला हाय, मी येते. गुडघा गेला तर गेला. जेवत जा.

जनी

मामा,

आता फक्त मी.

मी आईशी आजवर खोटं बोलले नव्हते. कॉलेजला दांडी मारून पिक्चरला गेले तेसुद्धा घरी येऊन सांगितलं होतं. परवा तुमच्यासाठी बोलले. त्याचं काय झालं ते वर वाचा. तिला वाटतंय तुम्ही मरायला टेकलाय. ती तुमच्यासाठी नवस बोलतेय. ज्या रागावर तुम्ही भरवसा ठेवला होता तो तिने दोन दिवसांत गिळून टाकला.

तुमची चिठ्ठी वाचून मला तुमचा राग आला, आणि मग खूप वाईट वाटलं, आणि मग पुन्हा राग आला. ही चिठ्ठी परत पाठवतेय. ती माझ्याकडे राहू शकत नाही. मी ज्या घरात राहते तिथे माझी आई राहते, आणि जिच्या बापाला तुम्ही गप्प बसून वाळीत टाकलंत ती माझी मैत्रीण आहे. मी कोणाकडे तोंड करून बसू?

सदाकाका तुमची इज्जत राखून गप्प बसलेत. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. ते तुमच्यासाठी सोडून दिलं त्यांनी. तुम्हाला अजून काय पुरावा पाहिजे त्यांच्या माणुसकीचा?

दहाला आई निघेल. त्याआधी तुम्ही तिला सांगा, नाहीतर गावाला सांगा. मी सांगणार नाही. हे काम तुमचंच आहे.

प्राप्ती

*

वाघखार
१२ जून

प्राप्ती बाय,

हे पत्र आईला वाचून दाखव. अक्षर न् अक्षर. सोबत परत आलेली चिठ्ठी पुन्हा जोडलीय, तीपण वाच. आधी चिठ्ठी वाच, मग हे.

जने,

त्रयोदशीला, म्हणजे परवाच्या आदल्या दिवशी, असं लिहिणार होतो. पण तारीखच लिहितो, ९ तारीख. परेशला कमलेशच्या हाती निरोप दिला की आईला आणू नकोस, मामा बरा हाय, पत्र लिहितोय. तू आली असतीस तर मी तुझ्या तोंडावर बोलू शकलो नसतो.

सकाळी ओहोटीला सगळे रोजच्यासारखे बांधावर जमले. अठ्ठावीस घरं, सत्तावीस माणसं. रांग लागली. मी खांडीच्या तोंडाशी, गोळे बसवायला. माझ्या शेजारी सदाच्या घराची जागा रिकामी होती, त्यामुळे पलीकडच्या माणसाला दर गोळ्याला दोन पावलं जास्त चालावं लागत होतं. तासभर मी ती दोन पावलं बघितली. मग हात धुतले आणि म्हटलं, थांबा.

बोलायच्या आधी मशीन काढून खिशात घालावंसं वाटलं, लोक काय म्हणतात ते ऐकायला नको म्हणून. पण ते एकदा करून झालं होतं. मशीन तसंच ठेवलं आणि बोललो. पत्रा माझा, सदा माझ्या घरावर, मी त्याला जाऊ दिला न्हाय, मी पत्रा पुरला, मी गावकीत गप्प बसलो.

तुला वाटेल मला दगड मारले असतील. वेणूबाई म्हणाली, सदाला वाचवायला तुम्ही अंगावर घेताय, मोठं मन हो तुमचं. मी चिखलात हात घालून पत्रा ओढून काढला आणि डांबराचं ठिगळ दाखवलं. मग कमलेश हसला. म्हणाला, काका, वाऱ्याने नेला, त्यात तुमचं काय? कोणी म्हणालं, वय झालंय. कोणी म्हणालं, घाबरलं म्हातारं माणूस. एक पंच म्हणाला, झालं गेलं, सदाची वाळ उठवा, त्याला बोलावून आणा, तोपर्यंत चहा घ्या.

मी म्हटलं, मला वाळीत टाका. जे त्याला तेच मला. तर हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

जने, त्याला वाळीत टाकायला तीन तास लागले, आणि त्या तीन तासांत त्याच्या वयाचं, त्याच्या घराचं, त्याच्या मनाचं कोणी नाव काढलं न्हाय. मला सोडायला चहाचा एक कप पुरला. तो चहा मी खाडीत ओतला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला एवढी लाज आयुष्यात वाटली न्हाय.

सदा आला. त्याच्या रिकाम्या जागेवर उभा राहिला. दोन दिवस, ९ आणि १०, माझ्या शेजारी उभा राहून त्याने गोळे दिले. हात लागत होते एकमेकांना. मी म्हटलं, सदा, माझं चुकलं. त्याने पुढचा गोळा दिला. मी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा गोळा दिला. दहाला संध्याकाळच्या भरतीआधी खांड बुजली. लोकांनी नारळ फोडला, प्रसाद वाटला. सदाने हातपाय धुतले, प्रसाद न घेता घरी गेला. काल पौर्णिमेचं उधाण आलं. बांध टिकला.

दिपालीचा साखरपुडा तो पेणला मुलाच्या घरी करतोय. गावातल्या एकालाही बोलावणं न्हाय. वेणूबाई स्वतःहून गेली गाणी म्हणते म्हणून सांगायला, दार उघडलं न्हाय. कोणी पाणी द्यायला गेलं तर घेत न्हाय. वाळ गावकीने उठवली, पण आता त्यानेच सगळ्या गावाला वाळीत टाकलंय, आणि ही वाळ उठवायला कोणती गावकी बसवायची ते मला कळत न्हाय.

सातबाऱ्याचं मी जे लिहिलं ते माझ्या हातून गेलं. त्याची माफी कशी मागायची ते पण मला कळत न्हाय.

बुधाजी

*

करंजाडे
१६ जून

दादूस,

दोनी कागद ऐकले. प्राप्तीला बोलले, आता काय लिवायचं ते मला सुचंना, चार दिवस थांब.

तू मरत न्हायेस हे ऐकून मी आधी देवाला हात जोडले. मग तुला मारावंसं वाटलं. अजून वाटतंय.

मशीन पुसत बसलास. बाबा बांधाच्या कामात कधी खोटं बोलले न्हाईत, आनि तू बोलता येत असून बोलला न्हाईस. ते जास्त वाईट. गावानं तुला माफ केलं ते त्यांचं काम. मी केलं का न्हाय ते मला अजून म्हाईत न्हाय. सातबाऱ्याचं मी इसरले न्हाय, ते समोर बसून बोलू.

पन सांगितलंस. उशिरा सांगितलंस, तरी सगल्यांच्या देखत सांगितलंस. येवढं मी मानते.

पंचवीस तारखेला परेश मला गाडीने सोडतोय. डॉक्टर हो बोललेत, प्राप्तीला इचार. तुझ्या घरी उतरनार न्हाय. सदाच्या दारात उतरनार. त्याने दार उघडलं तर रायीन, न्हाय उघडलं तर वटीवर बसीन. माझ्यावर त्याचा राग असायचं काय कारन न्हाय, आनि असला तर मला बोलून दाखवील, तेपन चालेल. तोपर्यंत तू काय करतोस ते कलव. नुसता घरात बसून रडू नकोस.

जनी

मामा, साखरपुडा छान झाला. मी पेणला जाऊन आले. दिपालीने मला विचारलं, ‘तुझे मामा खरंच सगळ्यांसमोर बोलले?’ मी हो म्हटलं. सदाकाका पूर्णवेळ पाहुण्यांना वाढत होते, बसलेच नाहीत. आणि हो, डॉक्टर खरंच हो म्हणालेत, पण जिना नको. सदाकाकांच्या ओटीला पायऱ्या किती आहेत?

प्राप्ती

*

वाघखार
२२ जून

जने,

सदाच्या ओटीला तीन पायऱ्या हायेत. मधली वावटळीत हलली होती, ती मी काल दगड लावून घट्ट केलीय. त्याला न विचारता केली.

शेताचं सांगतो, म्हणजे तू आल्यावर बघून हबकू नकोस. पाणी गेलंय पण मीठ राहिलंय. दोन पावसांच्या मध्ये ऊन पडलं की माती पांढरी दिसते. रोपं करपली. यंदा भात न्हाय, पुढच्या वर्षीपण कमीच. पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज न्हाय. गावातली निम्मी पोरं बंदरातल्या कंटेनरच्या ट्रेलरवर कामाला जायचं म्हणतायत. पंचाचं कामपण मी सोडलंय. गावकी हो म्हणायला तयार न्हाय, मी जायचं बंद केलंय.

तू विचारलंस मी काय करतो. दहा दिवस झाले, रोज सकाळी जाऊन सदाच्या ओटीच्या पायरीवर बसतो. पहिल्या दिवशी बोलायला गेलो होतो. तो बाहेर आला, माझ्या बाजूने निघून गेला. दुसऱ्या दिवशी पण तसंच. मग बोलायचं ठरवून जाणं सोडून दिलं, नुसता जाऊन बसतो. त्याची बायको दारात येते आणि आत जाते. त्याच्या पडवीचे वासे अजून जमिनीवर हायेत. मी हात लावला तर त्याने माझ्या हातातून वासा काढून घेतला, रागाने न्हाय, नुसता काढून घेतला आणि खाली ठेवला. लोक येता-जाता बघतात. बघू देत. पाठ दुखते, जेवणाच्या वेळेला उठतो, घरी येऊन भात टाकतो. दुकानचा तांदूळ. आपल्या शेताचा संपला.

काल रात्रभर पाऊस होता म्हणून आज जाऊ नये असं वाटत होतं. अंग दुखत होतं. तरी गेलो. ओटी ओली होती, पिशवी घालून बसलो. बराच वेळ कोणी बाहेर आलं न्हाय. मग दिपाली आली, हातात केरसुणी. वरपासून झाडत झाडत खाली आली, माझ्याजवळ येऊन थांबली. मी मान वर केली न्हाय. मला वाटलं आता ही म्हणणार, उठा. म्हणाली असती तर उठलो असतो आणि परत गेलो नसतो.

म्हणाली, “काका, पाय वर घ्या. केर काढायचाय.”

मी पाय वर घेतले.

तुझा दादूस,
बुधाजी